जुनी गाडी ॲव्हरेज देत नाही? बडोद्याहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठ-दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्यांबद्दल बडोद्यातले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांचा क्रम मुद्दाम असा ठेवलाय: आधी मोजमाप, मग चाकं आणि ब्रेक, मग इंजिनाच्या साध्या तपासण्या, सेन्सर त्यानंतर, आणि इंजिन खोलणं सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमके उलट्या टोकाने सुरू करतात. सेन्सर बदलतात, इंजेक्टर धुऊन घेतात, आठ-दहा हजार खर्च करतात आणि मागचं चाक ब्रेकला घासत असतं ते तसंच राहतं. पैशापेक्षाही वाईट म्हणजे चांगली चालणारी गाडी भंगारात देण्याचा विचार सुरू होतो.

१. ॲव्हरेज नेमकं कसं मोजायचं? काटा रिझर्व्हला आला की मी अंदाज लावतो, ते चालेल का?

नाही चालणार. काटा हा अंदाजच असतो, आणि जुन्या गाडीत टाकीतला फ्लोट चिकटला असेल तर तोही खोटा. टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद पडलं की तिथेच थांबा, वरून आणखी भरू नका. ट्रिपमीटर शून्य करा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलवर पुन्हा फुल करा. समजा ४१२ किलोमीटर झाले आणि २९.८ लिटर बसलं, तर ४१२ भागिले २९.८ म्हणजे १३.८. झालं.

एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. नोझल कधी लवकर बंद पडतं, कधी उशिरा, त्यात अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होतं. ३० लिटरमध्ये ती चूक तीन टक्क्यांची, पण दहा लिटर भरून हिशेब केलात तर दहा टक्क्यांची. म्हणून लागोपाठ तीन टाक्या, एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर. आकडे डॅशबोर्डमधल्या छोट्या वहीत लिहा. पुढच्या प्रत्येक उत्तरात ही वही लागणार आहे.

२. घेताना कंपनीने २० सांगितलं होतं, मला १३ मिळतं. गाडीत बिघाड आहे का?

एवढ्यावरून सांगता येत नाही. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, एसी बंद ठेवून काढलेला असतो. तुमच्या गाडीची तुलना तुमच्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी करा. दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यांवर १५.५ मिळत होतं आणि आता १३, तर बिघाड शोधायला हवा. पहिल्यापासूनच १३ मिळत असेल तर गाडीपेक्षा तुमचा रस्ता आणि वेळ यांचं ते गणित आहे. संध्याकाळी अलकापुरीच्या गरनाळ्यापाशी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून उभं राहिलं की लहान पेट्रोल गाडीही शंभर मिलीच्या आसपास पिते, एसी चालू असेल तर जास्त.

३. दर मे महिन्यात ॲव्हरेज पडतं. दर वर्षी गॅरेजला जावं लागेल का?

बडोद्याच्या उन्हात एसीचा कॉम्प्रेसर जवळजवळ बंदच होत नाही, आणि शहरातल्या फेऱ्यांत त्याने १० ते २० टक्के सहज जातात. मे महिन्याची तुलना मागच्या मे महिन्याशी करा, जानेवारीशी नको. तरीही फरक दिसला तर प्रश्न ६ पासून पुढे जा.

४. ३५ लिटरच्या टाकीत पंपवाल्याने ३८ लिटर भरलं! ही उघड चोरी नाही का?

हा प्रश्न दर महिन्याला येतो, रागाने येतो, आणि राग समजण्यासारखा आहे. पण गाडीच्या पुस्तकातली क्षमता ही नोझल बंद पडण्याच्या पातळीची असते. त्याच्या वर वाफेसाठी सोडलेली जागा आणि भरण्याचा गळा असतो, त्यात आणखी काही लिटर मावतात. काठोकाठ भरलं तर ३८ बसू शकतं.

माप खरंच कमी वाटत असेल तर वाद घालू नका, पाच लिटरचं माप मागा. प्रत्येक पंपावर तोलमाप खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं भांडं असावंच लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंतचा फरक मान्य आहे. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागा, त्यावर एक थेंब सोडा. शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जातं.

५. सगळे म्हणतात ई२० पेट्रोलमुळेच ॲव्हरेज गेलं. मग तपासण्यात अर्थ काय?

अर्थ आहे, कारण ई२०चा हिस्सा मोजता येतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. २० टक्के मिसळलं की हिशेबाने सहा-सात टक्क्यांची घट येते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही जुन्या, ई१०साठी जुळवलेल्या चारचाक्यांसाठी ६ ते ७ टक्के आणि दुचाक्यांसाठी ३ ते ४ टक्के असेच आकडे आहेत.

म्हणजे १५ देणारी गाडी १४ वर येईल. ती ११ वर आली असेल तर उरलेले तीन किलोमीटर दुसरीकडे कुठेतरी गळत आहेत, आणि सगळं ई२०वर ढकललं तर ते कधीच सापडणार नाहीत. ज्यांची गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची आहे त्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. पेट्रोलच्या रबरी नळ्या कडक झाल्यात का किंवा त्यांना भेगा पडल्यात का, आणि टाकीतला जुना चिकट थर सुटून फ्युएल फिल्टर तुंबलाय का. गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर ॲव्हरेजचा विचार बाजूला ठेवा. गाडी चालू करू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

६. मोजलं, खरंच कमी आहे. आता पहिलं काय बघू?

चाकं. पैसे लागत नाहीत आणि जुन्या गाडीत दोष बहुधा इथेच सापडतो.

सकाळी गाडी थंड असताना हवा तपासा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावरचा आकडा धरा, पंक्चरवाल्याचा नाही. गाडी चालून टायर गरम झाले की दाब तीन-चार पीएसआय वर दिसतो, म्हणून दुपारी ‘बरोबर’ दिसलेली हवा प्रत्यक्षात कमीच असते.

मग ब्रेक. आपल्या बडोद्याचे सपाट रस्ते या तपासणीसाठी वरदान आहेत. पहाटे रिकाम्या, सरळ रस्त्यावर ताशी ३० च्या वेगाने गाडी न्यूट्रलमध्ये टाका, इंजिन चालूच ठेवा, आणि ती किती लांब घरंगळते ते बघा. वाऱ्याचा फरक जावा म्हणून उलट दिशेनेही करा. मोकळी गाडी सैलसर, लांबवर जाते. ब्रेक चिकटलेली गाडी कुणीतरी मागून ओढून धरल्यासारखी थांबते. तो फरक बसल्या जागी अंगाला कळतो.

कोणतं चाक ते शोधायचं तर आठ-दहा किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक वापरून चालवा, थांबा आणि प्रत्येक चाकाच्या मधोमध हात जवळ न्या. लावू नका, भाजेल. तिन्ही कोमट आणि एकच चटका देणारं असेल तर दोषी तेच. पुढे असेल तर कॅलिपरची पिन किंवा पिस्टन गंजलेला असतो. मागे असेल तर व्हील सिलिंडर, परत न येणारा ब्रेक शू किंवा हँडब्रेकची केबल. महिनोन्‌महिने घराच्या अंगणात हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाड्यांत ही केबल हमखास अडकते. दुरुस्ती बहुतेक वेळा साफसफाई, ग्रीस आणि एखादी केबल एवढ्यावर भागते.

७. नवे, जरा मोठे टायर टाकले आणि त्याच दिवसापासून ॲव्हरेज कमी झालं. टायर खराब निघाले का?

कदाचित ॲव्हरेज कमी झालेलंच नाही, मोजणी बदलली आहे. १५५/८० आर१३ च्या जागी १६५/८० आर१३ टाकला की चाकाचा व्यास ५७८ मिलिमीटरवरून ५९४ वर जातो, म्हणजे जवळजवळ तीन टक्के. आता गाडी खरे १०३ किलोमीटर जाते तेव्हा मीटर १०० दाखवतो. तेवढं वाढवून हिशेब करा. त्यानंतरही घट दिसली तर ती रुंद टायरच्या घर्षणाची किंवा बिघडलेल्या अलाइनमेंटची असेल.

८. एअर फिल्टर आणि प्लग बदलले, काहीच फरक नाही. मेकॅनिक तर म्हणाला होता दोन-तीनने वाढेल.

इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत तुंबलेल्या एअर फिल्टरने पिकअप जातो, ॲव्हरेज फारसं जात नाही, कारण हवा कमी आली तर गाडीतला संगणक पेट्रोलही कमी सोडतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मात्र फिल्टरचा फरक पडतो. प्लग बदललेत ते चांगलंच केलंत, पण जुने प्लग फेकले का? प्लगचं टोक म्हणजे इंजिनाचा रिपोर्ट. फिकट बदामी रंग ठीक. कोरडी, मखमली काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, प्रश्न ९ आणि १० बघा. ओलसर तेलकट असेल तर प्रश्न १७. चारांपैकी एकच काळा असेल तर त्याच सिलिंडरची कॉइल, वायर किंवा इंजेक्टर.

९. माझी गाडी कधी गरम होत नाही, काटा नेहमी खालीच. हे चांगलं लक्षण ना?

नाही. जुन्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त सतावणारी गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिन थंड असताना संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, पूर्वी आपण चोक ओढायचो तसंच. पाणी ८० अंशांच्या पुढे गेलं की ते बंद होतं. पाणी लवकर तापावं म्हणून थर्मोस्टॅट असतो, तो तोवर रेडिएटरची वाट बंद ठेवतो. आपल्याकडे मात्र गाडी एकदा गरम झाली की काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. ‘आपल्या हवेत लागत नाही’ हे वाक्य मी किती गॅरेजांत ऐकलंय! लागतो. तो नसला तर इंजिन अर्धवट थंडच धावतं, जास्त पेट्रोल पितं, आणि जाडसर तेलात त्याची झीजही वाढते.

माझी २००८ ची पेट्रोल गाडी मी जुनी घेतली तेव्हा ती साडेअकरा द्यायची. कारेलीबागहून मकरपुऱ्याला रोज सकाळी जायचो. जानेवारीत पोचेपर्यंत काटा हलायचा नाही आणि मला ते गाडी निरोगी असल्याचं लक्षण वाटायचं. सहा महिन्यांत प्लग, फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर सगळं बदलून झालं. शेवटी रविवारी सकाळी थंड इंजिन चालू केलं आणि रेडिएटरच्या वरच्या नळीवर हात ठेवला. एका मिनिटात ती कोमट व्हायला लागली. थर्मोस्टॅट असता तर ती पाच-सात मिनिटं थंड राहून मग एकदम तापली असती. थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत रिकामं, नुसती गॅस्केट. मूळ तापमानाचा थर्मोस्टॅट बसवला. पुढच्या तीन टाक्यांचा हिशेब १४.१ आला.

नळीची ही तपासणी तुम्हीही करू शकता. फक्त इंजिन थंड असतानाच सुरुवात करा, हात पंख्यापासून लांब ठेवा आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. थर्मोस्टॅट जागेवर असून उघडाच अडकलेला असला तरी लक्षण हेच दिसतं.

१०. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. म्हणजे सेन्सर सगळे ठीक, बरोबर?

तसं नाही. सेन्सर पूर्ण मेला तर दिवा लागतो, सुस्तावला तर बहुधा लागत नाही. ओबीडी पोर्ट (स्कॅनर जोडायचा सॉकेट) असलेल्या गाडीला स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर चालतो. मोबाइलवर दोन आकडे बघा. एक, कूलंटचं, म्हणजे रेडिएटरच्या पाण्याचं तापमान: पंधरा मिनिटं चालवल्यावर ८५ ते ९५ च्या आसपास हवं. डॅशबोर्डवरचा काटा बरोबर आणि इथे ५० दिसत असेल तर कूलंट सेन्सर खोटं बोलतोय, संगणक गाडी थंड समजून पेट्रोल ओततोय.

दुसरा, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतोय तो आकडा. उणे दहाच्या खाली गेला तर कुठून तरी जादा पेट्रोल येतंय, बहुधा गळका इंजेक्टर. अधिक दहाच्या वर असेल तर हवा चोरटी शिरतेय किंवा गाडीतल्या फ्युएल पंपाचा दाब कमी आहे. अधिक आकडा पाहून ‘गाडी जास्त पेट्रोल पितेय’ असं लगेच ठरवू नका. संगणक फक्त बाहेरून शिरलेल्या हवेची भरपाई करत असतो, त्याने ॲव्हरेज फारसं पडत नाही. अपवाद पुढच्या प्रश्नात.

११. ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला तरी गाडी पेट्रोल पितेच. सेन्सर नकली निघाला का?

असू शकतो, पण आधी सायलेन्सरची पुढची गॅस्केट बघा. सेन्सरच्या आधी कुठे फट असेल तर तिथून बाहेरची हवा ओढली जाते, सेन्सरला प्राणवायू जास्त दिसतो, आणि संगणक समजतो पेट्रोल कमी पडतंय. मग तो खरोखरच जास्त सोडतो. सकाळी थंड इंजिनाला बॉनेटखालून टिक-टिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर तो कमी होतो, ही या फटीची खूण.

१२. स्कॅनर नाही, गाडीही २००६ ची. मग कसं कळणार?

पीयूसीची स्लिप काढा. त्यावर सीओचा (कार्बन मोनॉक्साइड वायूचा) आकडा असतो. पेट्रोल अर्धवट जळलं की तो वाढतो. मागच्या दोन-तीन स्लिपा फाइलमध्ये असतील तर शेजारी ठेवा. पास झालात तरी सीओ आधीपेक्षा दुप्पट झालेला असेल तर दोष मिश्रणात आहे. सीओ पूर्वीसारखाच असेल तर इंजिन सोडा आणि प्रश्न ६ कडे परत जा.

१३. पावागड चढताना इंजिन ओरडतं, पण गाडी पळत नाही. याचा ॲव्हरेजशी संबंध आहे?

थेट आहे, क्लच प्लेट घसरतेय. सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० वर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झपकन वर गेला आणि वेग मागे राहिला तर प्लेट संपली. क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय असेल तर नवी प्लेटही लवकरच तशी होईल.

१४. सासऱ्यांची सीएनजी गाडी आहे. कधी २४ देते, कधी १९. कोणता आकडा खरा?

दोन्ही नाही. सीएनजी किलोवर मोजतात आणि पंपाचा दाब, सिलिंडरचं तापमान यावर किती भरला जातो ते बदलतं. भर उन्हात, रांगेत, कमी दाबावर भरलं की कमी बसतो. पाच-सहा भरण्यांचा एकत्र हिशेब करा. आणखी एक: गाडी पेट्रोलवर सुरू होऊन गॅसवर जाते, त्या पेट्रोलचाही हिशेब ठेवा.

खरोखर घट असेल तर गॅसचा लो-प्रेशर फिल्टर, प्लगची फट आणि वाल्वचं क्लिअरन्स (वाल्वपाशी सोडलेली बारीक फट) तपासून घ्या. गॅसवर वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनात वाल्व सीट झिजतात आणि क्लिअरन्स आवळत जातो. आवाज येत नाही, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट चुकवू नका. त्याचा ॲव्हरेजशी संबंध नाही, जिवाशी आहे.

१५. डिझेल गाडी काळा धूर सोडते आणि ॲव्हरेजही गेलं.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. इंजेक्टर धुण्याआधी टर्बोपासून इंजिनपर्यंतची मोठी रबरी नळी हाताने चाचपून बघा. तिच्यावर तेलकट ओला पट्टा दिसला तर तिथे ती फाटली आहे. मग एअर फिल्टर, मग ईजीआर वाल्व (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा). इंजेक्टर त्यानंतर.

१६. ऑगस्ट २०२४ च्या पुरात गाडीत पाणी शिरलं होतं. दुरुस्त केली, चालते, पण ॲव्हरेज परत आलंच नाही.

विश्वामित्रीच्या त्या पुरात बडोद्यातल्या हजारो गाड्या भिजल्या, आणि अशी पत्रं अजून येतात. गॅरेजने इंजिन तेल, गिअर तेल आणि सीट यांकडे लक्ष दिलं, पण खालच्या बारीक गोष्टी राहून गेल्या. मागचे ब्रेक ड्रम उघडून घ्या, आत गाळ वाळून बसलेला असतो. चारही व्हील बेअरिंग फिरवून पाहा, घरघर येत असेल तर ग्रीसमध्ये पाणी गेलंय. हँडब्रेकच्या केबलमध्ये गंज असतो. आणि ऑक्सिजन सेन्सरचा जोड गाडीच्या पोटाखाली असतो, त्याच्या पिनांवर हिरवट थर चढला की सिग्नल चुकतो. जोड उघडा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, ट्रिम पुन्हा बघा (प्रश्न १०). एवढं नुकसान सोसूनही ज्यांनी गाडी टिकवली त्यांना ते ॲव्हरेज परत मिळायलाच हवं.

१७. सगळं तपासून झालं. मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलावं लागेल. खोलू का?

आधी कॉम्प्रेशन टेस्ट मागा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याची मोजणी. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर. सगळे एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत असतील तर इंजिनाला हात लावू देऊ नका. एखादा फारच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन तेल सोडून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वर आला तर रिंगा झिजल्यात. तसाच राहिला तर वाल्व, आणि त्याचं काम फक्त हेड उतरवून होतं. शेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर बहुधा हेड गॅस्केट. हा कागद हातात आल्याशिवाय होकार देऊ नका.